पी.पी. नंबर

बाबांच्या जुन्या डायऱ्या आवरताना १९८३ सालची एक हाताला लागली. पहिल्या पानावर नाव, पत्ता, रक्तगट, विम्याच्या पॉलिसीचा नंबर, चपलेचं माप (हे त्यांनी का लिहून ठेवलं असेल, देव जाणे) आणि सगळ्यात खाली फोन नंबर. नंबरापुढे दोन अक्षरं: पी.पी.

तो फोन आमचा नव्हताच. सांगलीत गावभागातल्या आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं होती आणि फोन एक, समोरच्या काकूंकडचा. काळा, तबकडीचा, त्यावर क्रोशाचा रुमाल. लग्नपत्रिका असो, नोकरीचा अर्ज असो, मुलीचं स्थळ बघायला आलेल्यांना द्यायची चिठ्ठी असो, अकराही बिऱ्हाडं काकूंचाच नंबर द्यायची आणि पुढे पी.पी. जोडायची. पी.पी. म्हणजे ‘पर्टिक्युलर पर्सन’, असं बाबा सांगायचे. आम्ही पोरांनी त्याचा अर्थ ‘पळत पळत’ असा लावला होता, कारण फोन आला की ज्याचा असेल त्याला बोलवायला पळायचं आम्हालाच.

येणारा फोन सोपा होता. पलीकडचा माणूस नाव सांगायचा, काकू गॅलरीत येऊन हाक मारायच्या, आम्ही पळायचो. खरी गंमत ट्रंककॉलची. काकूंकडे जाऊन एक्सचेंजला नंबर नोंदवायचा, ऑर्डिनरी की अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं, आणि घरी येऊन वाट बघत बसायचं. तासाभरानं, कधी चार तासांनी काकूंचा फोन वाजायचा आणि ऑपरेटर म्हणायची, ‘मुंबई बोला.’ आता ही मुंबई अकरा बिऱ्हाडांतल्या कुणाची?

फोनच्या वर भिंतीला कालनिर्णय टांगलेलं असायचं. त्या त्या दिवसाच्या चौकोनात, दुधाचा हिशेब आणि एकादशी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत काकूंनी पेन्सिलीनं लिहिलेलं असे: ‘मुंबई – माडीवरचे. पुणे – विहिरीजवळचे.’ फोन होऊन गेला की नोंदीवर काट. रात्रीपर्यंत आलाच नाही तर सकाळी चहाच्या वेळी त्या ती नोंद खोडरबरानं पुसायच्या. पुसताना कॅलेंडरचा कागद खरवडला जाऊ नये म्हणून मागे डावा हात धरायच्या. हे माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे, कारण अठरा वर्षांनी मी हेच सगळं एका डब्यात बसवलं आणि तेव्हा मला वाटत होतं की मी काहीतरी फार नवीन करतोय.

२००१ साल. मी आणि दादा-वहिनी पुण्यात सिंहगड रोडला एका फ्लॅटमध्ये. कॉम्प्युटर दोन, फोनची लाइन एक, मोडेम एक. इंटरनेट भारतात सर्वसामान्यांना मिळायला लागून सहा वर्षं झाली होती (व्हीएसएनएलनं ते १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केलं), पण आमच्या घरात ते एका वेळी एकालाच मिळायचं. दुसऱ्याला हवं असेल तर मोडेम उपटून, वायर ओढत, बेडरूममधून हॉलमध्ये. वहिनीला तिच्या आईशी बोलायचं असेल तर दोघांनाही नाही.

विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १९९९ पासून, एका यंत्राचं कनेक्शन दुसऱ्याला वाटून देण्याची सोय आली होती. दादा म्हणाला, ती चालू कर की. पण त्यासाठी दादाचा कॉम्प्युटर चालू पाहिजे. त्यानं बंद केला की माझं नेट गेलं. त्याचं यंत्र अडकलं की मी अडकलो. सख्ख्या भावाच्या का होईना, उपकारावर नेट वापरणं मला पटेना. ऑफिसात भंगारात निघालेला एक जुना कॉम्प्युटर, ४८६, होता, १६ एमबी मेमरीचं, मॉनिटरही नसलेलं. ते मी घरी आणलं. मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून त्यात लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी प्रणाली) घातलं, एक नेटवर्क कार्ड बसवलं, दुसऱ्या बाजूला मोडेम जोडला आणि ते धूड बुटांच्या कपाटावर ठेवलं. वहिनी त्याला ‘खोकं’ म्हणायची. नाव तेच पडलं.

केबल मात्र तयार विकत आणायची नाही, स्वतः करायची, असा हट्ट होता. तपकीर गल्लीतून वीस मीटर वायर आणि मूठभर आरजे-४५ कनेक्टर आणले, क्रिम्पिंगचा चिमटा ऑफिसातून एका रात्रीपुरता मागून आणला. वायरचं वरचं साल दाढीच्या ब्लेडनं गोल कापलं की आत चार जोड्या, एकमेकींना वेणीसारख्या गुंडाळलेल्या. त्या सोडवायच्या, आठही तारा अंगठा आणि तर्जनीत धरून सरळ करायच्या, एका रांगेत लावायच्या: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या पोटात निळी जोडी बसते, हे विसरायचं नाही. मी विसरलो. चारही जोड्या ओळीनं शेजारी शेजारी लावल्या, दोन्ही टोकांना अगदी सारख्या. दिसायला सुंदर. पण नेटवर्कला तारा नुसत्या पोचून चालत नाहीत, तीन आणि सहा नंबरच्या तारा एकाच वेणीतल्या असाव्या लागतात, नाहीतर एकीचा आवाज दुसरीत मिसळतो. हबवरचा (सगळ्या केबली एकत्र येतात त्या डबीवरचा) हिरवा दिवा लागला, पण फाइल पाठवली की मधेच बसकण. कारण कळायला दोन दिवस गेले आणि सहा कनेक्टर फुकट गेले. चिमटाही दोन दिवस ऑफिसला परत गेला नाही.

मग आला मुख्य भाग. लिनक्समध्ये एक इवलीशी फाइल असते, तिच्यात फक्त ० लिहिलेला असतो. त्याचा अर्थ, हे यंत्र स्वतःपुरतं बघतं, एकीकडून आलेलं दुसरीकडे सोडत नाही. तिथे १ लिहिला की त्या यंत्राचा दरवाजा होतो, म्हणजे गेटवे. एवढंच. पण नुसता दरवाजा उघडून भागत नाही. दादाच्या यंत्राचा पत्ता होता १९२.१६८.०.२, माझा १९२.१६८.०.३, खोक्याचा १९२.१६८.०.१. हे १९२.१६८ वाले पत्ते घरगुती वापरासाठी राखलेले आहेत. १९९६ च्या फेब्रुवारीत आलेल्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात तसं नक्की झालं. ते कुणीही वापरावेत, कुणाला विचारू नये, फक्त उंबऱ्याबाहेर नेऊ नयेत.

हे मी वहिनीला समजावलं ते असं. आपल्या घरात ‘दादा’ म्हटलं की एकच माणूस वळून बघतो. पण लक्ष्मी रोडवर उभं राहून ‘ओ दादा’ अशी हाक मार, वीस जण बघतील आणि त्यातला आपला एकही नसेल. १९२.१६८.०.२ म्हणजे ‘दादा’. घरात बिनचूक, रस्त्यावर निरुपयोगी. घराघरात तो असतो. म्हणून बाहेर जाताना पाकिटावर ‘दादा’ लिहून चालत नाही, सोसायटीचं नाव आणि फ्लॅट नंबर लागतो, आणि तो आपल्याला एकच मिळालाय.

‘मग उत्तर आलं की खोक्याला कसं कळतं कुणाचं ते?’ तिनं विचारलं. प्रश्न अगदी मर्माचा होता. अभियांत्रिकी शिकलेल्या दादानं तो विचारला नव्हता.

खोकं काय करतं, तर माझ्या यंत्रातून निघालेल्या पॅकेटवरचा, म्हणजे माहितीच्या छोट्या पुडक्यावरचा, ‘पाठवणार १९२.१६८.०.३’ हा मजकूर खोडतं आणि तिथे फोनच्या लाइनवर त्या वेळी मिळालेला खरा पत्ता लिहितं. पॅकेटवर आणखी एक आकडा असतो, पोर्ट नंबर, तोही बदलून खोकं स्वतःकडचा एक टाकतं. लिनक्सच्या त्या वेळच्या २.२ कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, हे आकडे ६१००० पासून सुरू व्हायचे आणि एकूण ४०९६ होते, म्हणजे एवढी संभाषणं एका वेळी सांभाळायची सोय. मग आपल्या तक्त्यात नोंद: ६१०४२ दिला तो हॉलमधल्याला. उत्तर ६१०४२ वर आलं की तक्ता बघायचा, पत्ता पुन्हा उलटा बदलायचा, आत सोडायचं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही की नोंद पुसून टाकायची.

हे सांगता सांगताच मला ते कॅलेंडर दिसलं. पेन्सिल, चिंचोळी जागा, मागे धरलेला डावा हात.

लिनक्सवाले त्या काळी याला मास्करेडिंग म्हणत, म्हणजे सोंग घेणं. मला ते नाव फारसं रुचलं नाही. काकूंनी कधी आमचं सोंग घेतलं नव्हतं. नॅट हे दुसरं नाव, नेटवर्क अॅड्रेस ट्रान्स्लेशन, जास्त सरकारी पण जास्त प्रामाणिक. त्याचा पहिला आरएफसी मे १९९४ चा, एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांचा. त्यांनी त्यात स्वच्छ म्हटलंय की दीर्घ मुदतीचे उपाय तयार होईपर्यंत पत्त्यांची मागणी रोखून धरायची ही सोय आहे. मुळात १९८१ साली इंटरनेटचे पत्ते ३२ बिटांचे ठरले, म्हणजे सगळे मिळून ४२९ कोटी. एवढे कोण वापरणार, असं वाटलं असेल. आपल्याकडे शाळेच्या आवारात तात्पुरती म्हणून पत्र्याची शेड घालतात आणि तिच्यात तीन पिढ्या दहावी होतात, तसं त्या नॅटचं झालं.

पहिल्या रात्री बेडरूममध्ये दादा आणि हॉलमध्ये मी एकाच वेळी नेटवर होतो, मधल्या भिंतीतून एकमेकांना ‘उघडलं का?’ विचारत. ५६ के मोडेमचे दोन वाटे, दोघांनाही कूर्मगती. पण त्या रात्री आम्ही बारीकसारीक पानंसुद्धा उगाच उघडून बघितली.

मग सुरू झालं भुताटकीचं प्रकरण. खोक्याला मी असं शिकवलं होतं की घरातल्या कुणी बाहेरचं काही मागितलं तर आपणहून फोन लावायचा, आणि दहा मिनिटं कुणी काही मागितलं नाही तर ठेवून द्यायचा. कुणाला काही करायला नको. आठवड्याभरात वहिनीनं तक्रार केली की रात्री अडीचला बुटांच्या कपाटातून किंचाळल्यासारखा आवाज येतो. मोडेमचं ते कर्र-कुईं ज्यांनी ऐकलंय त्यांना अंधारात ते कसं वाटेल ते सांगायला नको. मी म्हटलं, स्वप्न पडलं असेल. मग फोनचं दोन महिन्यांचं बिल आलं. स्वप्नाचे पैसे लागत नाहीत. नेहमीच्या तिप्पट बिल होतं. दादा बिल बघून माझ्याकडे बघत राहिला, आणि मी त्याच्याकडे, कारण मला खात्री होती की रात्री चोरून तोच बसतो.

चोर निघाला दादाचा कॉम्प्युटर, दादाच्या अपरोक्ष. तो रात्री बंद करायची त्याला सवय नव्हती. विंडोजचं यंत्र कुणी समोर नसलं तरी अधूनमधून नेटवर्कवर आवाज देतं: ‘अमुक नावाचं कुणी आहे का इथे?’ घरात कुणी ओ दिली नाही तर तेच नाव बाहेर विचारायला जातं. खोकं बिचारं आज्ञाधारक. कुणाला तरी बाहेर जायचंय म्हटल्यावर ते फोन लावायचं. बाहेरून उत्तर यायचं, असं कुणी नाही. दहा मिनिटांनी फोन बंद. तासाभरानं पुन्हा. १३७ ते १३९ या पोर्टांवरून येणारं काही बाहेर सोडायचं नाही, अशी तीन ओळींची ताकीद दिल्यावर भूत गेलं. बिल मात्र भरावं लागलं. ते मी भरलं, दादानं निम्मे देऊ केले, मी घेतले.

२००६ पर्यंत ४८६ गेलं होतं, त्याच्या जागी दादाचा जुना पेन्टियम आला होता. याला मॉनिटरही होता आणि तो बुटांच्या कपाटावरून उतरून कोपऱ्यातल्या टेबलावर बसला होता. नाव खोकंच. फोनच्या लाइनवरून ब्रॉडबँड आलं, २५६ केबीपीएस. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला एवढाच वेग पुरे होता. सेकंदाला ३२ किलोबाइट, पाच एमबीचं गाणं पावणेतीन मिनिटांत. आम्हाला पूर आल्यासारखं वाटलं. आमच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ मोजदाद नसे, म्हणून घरातली सगळी मोठी डाउनलोडं गजर लावून व्हायची.

आणि त्याच वेळी वहिनीची बँक उघडेनाशी झाली.

तिचा आता स्वतःचा कॉम्प्युटर होता. बातम्या उघडत, मेल उघडे, बँकेचं पान उघडायला घेतलं की वरच्या पट्टीत नाव यायचं आणि खाली पांढरं. तसंच पांढरं, दहा मिनिटं बसा. आणि तेच पान खोक्यावर बसून उघडलं तर लगेच उघडायचं. वहिनीनं तिच्यापुरता प्रश्न सोडवला: ती खोक्यासमोर खुर्ची घेऊन बसायला लागली. मला तीन रात्री झोप नाही.

कारण कळलं तेव्हा आधी हसू आलं, मग राग. पॅकेटचं मोठ्यात मोठं माप साधारण १५०० बाइट. आमचं ब्रॉडबँड प्रत्येक पॅकेटला स्वतःचं एक वेष्टन घालायचं, ८ बाइटांचं, त्यामुळे आतल्या मालाला उरले १४९२. म्हणजे १५०० मापाचं कपाट आणि १४९२ चा जिना. बँकेनं कपाट पाठवलं, त्यावर चिठ्ठी: सुटे भाग करू नयेत. जिन्याशी हमाल थांबला. त्यानं नियमाप्रमाणे बँकेला निरोप पाठवला की बाई, जिना अरुंद आहे, लहान कपाट पाठवा. बँकेच्या दारावरच्या पहारेकऱ्यानं, सुरक्षेच्या नावाखाली, असले निरोप आत घ्यायचेच नाहीत असं ठरवलेलं. मग बँक वाट बघते, वहिनी वाट बघते, कपाट जिन्याखाली. छोटी पानं छोट्या खोक्यांतून यायची म्हणून ती उघडायची. आणि गेटवेवर बसलं तर, जिना त्याचाच असल्यामुळे, तो मागणी नोंदवतानाच माप सांगायचा. शेवटी मी गेटवेला शिकवलं की घरातल्या कुणीही बाहेर बोलणं सुरू केलं की त्याच्या वतीनं जिन्याचं माप तूच सांगत जा. एक ओळ. वहिनीची बँक उघडली. ती म्हणाली, ‘बरं झालं. पण मला आता त्या खुर्चीची सवय झालीय.’

हा गुंता सोडवताना मी एक गोष्ट केली, ती सांगायला इतकी वर्षं गेली. कुठलं पान अडकतंय हे शोधायला मी गेटवेवर नोंदवही चालू केली. कोणतं यंत्र, किती वाजता, कोणत्या नावाचा पत्ता विचारतं. प्रश्न सुटला, पण वही चालूच राहिली. आणि वही असली की माणूस वाचतो. मी वाचली. रात्री एक ते दोन, सलग अकरा दिवस, १९२.१६८.०.२ जर्मन वकिलातीच्या व्हिसाच्या पानावर. मग जर्मनीतल्या घरभाड्याच्या जाहिराती. मग मुलांच्या शाळा. त्यांना तेव्हा मूल नव्हतं.

दादानं मला काही सांगितलं नव्हतं. आईबाबांना तर नाहीच. सकाळी आम्ही दोघं गॅलरीत चहा घ्यायचो, तो सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचा आणि मी मान डोलवायचो, आणि माझ्या डोक्यात त्याची रात्रीची पानं. विचारावं तर, तुला कसं कळलं? न विचारावं तर मी त्याच्या दारामागे उभा आहे. तीन आठवड्यांनी त्यानं सांगितलं तेव्हा मी चकित झाल्याचा अभिनय केला. मास्करेडिंग हा शब्द मला त्या दिवशी नीट कळला. त्याच रात्री मी वही बंद केली आणि आधीची पुसली.

पुढे बाबा गेले त्या वर्षी आईशी बोलता बोलता काकूंचा विषय निघाला. त्याही तोवर गेल्या होत्या. आईनं सांगितलं ते मला माहीत नव्हतं. १९८३ सालीच कधीतरी बाबांचा कारखाना सहा महिने बंद होता आणि बाबांनी मुंबईच्या काकांकडे पैसे मागायला ट्रंककॉल लावला होता. ट्रंककॉलला ओरडावं लागायचं. दोन हजार रुपये हवे आहेत, हे अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं, या विचारानं बाबा दोन दिवस नोंदणीच करत नव्हते. शेवटी केली. फोन आला, बाबांनी रिसीव्हर घेतला, आणि काकू बाहेर चौकात गेल्या. जाताना दार ओढून घेतलं आणि चौकात सगळ्या बायकांना गोळा करून पापडाच्या लाटीवरून मोठमोठ्यानं भांडण काढलं. बाबांचं होईपर्यंत ते भांडण चाललं. एरवी त्या कुणाच्याही फोनच्या वेळी तुळशीला पाणी घालायला बाहेर जायच्या, दिवसातून पाच वेळा पाणी मिळूनही ती तुळस जगली कशी हे कोडंच आहे. पण पापडाचं भांडण फक्त त्या दिवशीचं.

कॅलेंडरवर तेव्हा फक्त ‘मुंबई – समोरचे’ असं लिहिलेलं असणार.

आता घरात कुणालाच कुणाकडे मागावं लागत नाही. ज्याच्या त्याच्या खिशात ज्याचं त्याचं सिम. ‘कोण डाउनलोड करतंय रे?’ ही आरोळी आमच्या घरात शेवटची कधी उठली ते आठवत नाही. खोकं भंगारात गेलं, त्याचं सगळं काम हाताच्या पंजाएवढा राउटर करतो आणि त्याला कुणी नाव ठेवलेलं नाही. मला वाटलं होतं, पी.पी.चं युग संपलं.

तीन वर्षांपूर्वी सांगलीच्या घरी कॅमेरा लावला. आई एकटी असते, पुण्यातून मधूनमधून बघता यावं. फायबर घेतलेलंच होतं. मी जुन्या सवयीनं राउटरला शिकवलं: बाहेरून अमुक पोर्टावर कुणी आलं की सरळ कॅमेऱ्याकडे ने. म्हणजे काकूंना आधीच सांगून ठेवणं की रात्री नऊला फोन आला तर तो आमचाच. पुण्यात येऊन बघतो तर काही नाही. पुन्हा सांगली, पुन्हा सगळं तपासलं. शेवटी राउटरच्या पानावर त्याचा स्वतःचा बाहेरचा पत्ता बघितला. तो १०० नं सुरू होत होता, पुढचा आकडा ८७. मी कपाळाला हात लावला.

४२९ कोटी पत्ते केव्हाच अपुरे पडले. जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून झाले. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१२ मध्ये, १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा एका नव्या कामाला राखून ठेवला गेला: इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांच्या राउटरांना द्यायचे आतले पत्ते. म्हणजे कंपनीच्या पोटात एक प्रचंड काकू बसवलेल्या असतात आणि माझा राउटर, जो घरात दरवाजा म्हणून मिरवतो, तो त्यांच्या लेखी एक बिऱ्हाड. बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता मी कुणाकुणाबरोबर वाटून घेतोय ते मला कधी कळणार नाही. घरातल्या घरात वाटून घ्यायचं बंद झालं आणि अनोळखी शेकडो लोकांबरोबर सुरू झालं, तेही कुणाला न विचारता. या काकूंना मी आधी सांगून ठेवू शकत नाही की फोन आला तर माझा समजा. त्या मला ओळखतच नाहीत.

यावर खरा उपाय आहे, १९९५ पासून कागदावर आहे: १२८ बिटांचे पत्ते, आयपीव्ही ६, ज्यात प्रत्येक दिव्याला आणि पंख्याला खरा पत्ता देऊनही उरतात. आपल्या मोबाइलवर तो बहुधा चालूही आहे, जिओ २०१६ ला आलं ते हे पत्ते घेऊनच. पण माझ्या स्वस्तातल्या कॅमेऱ्याला त्यातलं काही कळत नव्हतं. मग दुसरा घेतला. त्याला बाहेरून कुणी हाक मारायची गरज नसते, तो स्वतःच सतत एका दूरच्या सर्व्हरला फोन लावून बसलेला असतो, आणि मीही तिथेच फोन लावतो. आईचं स्वयंपाकघर बघायला मी आणि कॅमेरा कुठल्या देशातल्या कुठल्या इमारतीत भेटतो, कोण जाणे. तिथे वही चालू असेल का, हा विचार येतो. येतो आणि जातो.

गेल्या पावसात मी सांगलीत होतो आणि रस्ता खणताना फायबर तुटली. अकरा वाजता माझी ऑफिसची मीटिंग. माझ्या फोनला त्या घरात रेंज नसते, आईच्या फोनला असते. आई म्हणाली, ‘माझ्यावरून घे की.’ तिनंच हॉटस्पॉट चालू करून दिला, नातवंडांनी शिकवलेलं. माझ्या लॅपटॉपला १९२.१६८ वाला पत्ता मिळाला. सत्याहत्तर वर्षांची आई त्या घराची गेटवे झाली.

मीटिंग नीट चालू होती. मी आकडे सांगत होतो, पलीकडून प्रश्न येत होते, आणि अचानक सगळ्यांचे चेहरे थिजले. मग चौकोन काळे. मी उठून बघतो तर टेबलावर फोन नाही. आई परडी घेऊन मागच्या अंगणात पारिजातकाखाली फुलं वेचत होती, फोन ब्लाउजमध्ये खोचलेला.

मी दारातून हाक मारली. ती सावकाश आली, परडी ओट्यावर ठेवली, फोन काढून टेबलावर ठेवला. पाच मिनिटांनी मी परत जोडला गेलो. माफी मागून जिथे तुटलं तिथून सुरू करणार, तेवढ्यात ती खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावली.

‘कुणाचा रे फोन?’ तिनं विचारलं. माइक चालू होता.